काळेश्वरीचा ळ

आषाढात हर्णैच्या वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या असतात,
पोटाखाली ओंडके, अंगावर निळी ताडपत्री.
उघडीप मिळाली की मी शिडी लावते.
नावेवर नाव लिहायचं काम माझं,
सव्वीस वर्षं,
आधी अण्णांच्या हाताखाली, मग अण्णांशिवाय.

दोन वर्षांमागे भाचीने, मिथिलेने, बांबूला फोन बांधला
आणि माझा हात जगाला दाखवला.
पहिल्या रात्री चारशे बदाम.
आठवड्यात अकरा हजार.
‘ताई, भारी!’
‘बाई असून शिडीवर!’
‘साडीत जमतं कसं हो हे?’
मी जेवताना बदाम मोजायचे.
बांगडे साफ करतानासुद्धा,
हात भरलेले म्हणून कोपराने फोन उजळून.

मग हात बदलला.
कोणी बदल म्हणालं नव्हतं.
अक्षरांना सोनेरी कड आली, मागे तांबडी सावली,
वेलांटीला उगाच पिसारा.
फोनमध्ये जे चमकायचं
तेच लाकडावर उतरायला लागलं.
‘काळेश्वरी’च्या नाळेवर नाव काढलं तेव्हा
ळच्या दोन्ही कानांत मी डूल घातले.
एकवीस हजार.

भाद्रपदात हरेश्वर तांडेल राहिलेले पैसे द्यायला आला.
चहा घेतला. बशीत बघत म्हणाला,
‘बाय, परवा किल्ल्याच्या पल्याड मशीन बंद पडलं.
झड अशी की आपलीच काठी दिसेना.
बाणकोटची होडी जवळनं गेली, तिने हाका मारल्या,
काकेश्वरी! ए काकेश्वरी!
पोरं हसली.
मी पण हसलो.’
मग बशी पालथी घालून ठेवली त्याने
आणि छत्री उघडली.

तो गेल्यावर मी फोन बघितला.
एकवीस हजार चारशे जणांत
एकालाही तो ळ
वाचायची गरज पडली नव्हती.

अण्णा ळ एका दिवसात कधी काढत नसत.
दुपारी काढायचे, संध्याकाळी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायचे,
वळायचे, एक डोळा मिटायचे.
परत येऊन, काही न बोलता,
टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचे.
मला वाटायचं, म्हाताऱ्याला रंग फुकट मिळतो.

ळ हे अवघड अक्षर आहे.
दोन पोटं आणि मध्ये एवढीशी कंबर.
डावं पोट जड झालं की अख्खं नाव कलतं,
उजवं फुगलं की नाळ वर उचलल्यासारखी वाटते.
दोन्हींत पाणी सारखं हवं.
हे मला माहीत होतं.
माहीत असून मी डूल घातले.

गेलं वर्षभर जुन्या पत्र्यांवर ळ काढतेय.
फळीवर, तुटक्या वल्ह्यावर,
एकदा तर वाफ धरलेल्या ताटलीच्या झाकणावर बोटाने.
बरेच पुसले.
पुसलेल्यांचा हिशोब कोणाकडेच नाही,
याची सुरुवातीला चुटपुट लागायची.
मिथिला चिपळूणला शिकायला गेली.
बांबू आहे तिथेच आहे,
त्यावर मी फडकी वाळत घालते.
फोन घरी असतो. कधी बघते, कधी राहून जातं.

काल काळेश्वरी खरवडून पुन्हा लिहिली.
पैसे घेतले नाहीत, तांडेलने विचारलेही नाहीत.
साधा पांढरा, काळी कड, बस.
तिन्हीसांजेला धक्क्याच्या टोकाशी गेले.
तिथे मुझम्मिल गळ टाकून बसला होता, सातवीतला.
म्हटलं, ती तिसरी होडी, नाव वाच.
‘काळेश्वरी,’ तो म्हणाला, मान न वळवल्यासारखा.
मग थोड्या वेळाने,
‘का?’

काही नाही, म्हटलं.

वळले. एक डोळा मिटला.
नाव वाचता येत होतं, स्वच्छ, अंधार पडत असतानाही.
फक्त डावं पोट
दोराभर जड.
दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

रंग अजून ओला होता.
मी भरभर चालायला लागले.