चौथं चाक

सौनाच्या मागे, खाजऱ्या रानात
इल्मोची चार चाकं पडून होती.
एकावर एक, वर पत्रा, पत्र्यावर दगड.
माझ्या भावाची आवराआवर एवढीच.

गाडी केव्हाच भंगारात गेली. तोही गेला, मार्चमध्ये.
चाकं घ्यायला शनिवारी तुर्कूहून एक पोरगा येणार आहे.
फोनवर म्हणाला, "जशी असतील तशी द्या."
जसं आहे तसं
मी कुणाचं भांडंसुद्धा कधी परत केलेलं नाही.

पहिलं चाक स्टुलावर आडवं टाकलं.
आधी नुसतं पाणी. मग साबण, डांबराच्या वासाचा.
मग ते औषध, लोखंडाला लागलं की जांभळं होणारं.
ब्रेकची जुनी धूळ आऱ्यांवरून ओघळू लागली
आणि पायरीवर बघता बघता
ब्लूबेरीचं पातेलं लवंडल्यागत झालं.
कुत्रा हुंगून मागे सरला.

मिठाचं वेगळं. मीठ धुऊन जात नाही.
कितीएक हिवाळे रस्त्यावर फेकलेलं मीठ
लॅकरखाली शिरून बसतं,
पांढऱ्या अळीसारखं आतल्या आत पुढे सरकतं.
वरून चकचकीत.
नख लावलं की पापुद्रा हातात.
त्याला खरवडण्यावाचून इलाज नाही.

दोनशे चाळीसचा पेपर, मग चारशे,
मग आठशे, पाण्यात भिजवून भिजवून.
चार दिवसांत बोटांचे ठसे असे पुसले
की फोन मला ओळखेना.
उजवीकडच्या दोन्ही चाकांच्या कडा फुटपाथला घासून खाल्लेल्या.
इल्मो उजवीकडे नेहमीच जास्त वळायचा.
सांगून उपयोग नसायचा.

रंग टायरवर उडू नये म्हणून
रिमच्या फटीत पत्ते खोचले, ओळीने, एकावर एक चढवून.
एक्कावन्न पत्ते.
चौकटची राणी इल्मोच्या बाहीतून
कधी परत आलीच नव्हती.

चौथं चाक उलटं केलं,
तोल साधायला आतून चिकटवलेले शिशाचे तुकडे उचकटले,
तर खाली साच्यातच उठवलेला आकडा.
तिघांवर अठ्ठ्याऐंशी. याच्यावर एक्क्याण्णव.
आरे तेच, भोकं तीच,
पण चाक आमचं नव्हे.

या घाटाची चाकं गावात आणखी एकाच गाडीला.
वोइत्तोच्या. कुंपणापलीकडच्या.
जाळी टाकायच्या जागेवरून
बावीस वर्षं दोघांचा अबोला.
दफनाच्या दिवशीसुद्धा तो फाटकाबाहेरच उभा होता,
टोपी हातात घेऊन.

मी गेले. ताडपत्री वर केली, टॉर्च घेऊन खाली सरपटले.
एक्क्याण्णव. एक्क्याण्णव. एक्क्याण्णव.
अठ्ठ्याऐंशी.

"कधी?" मी खालूनच विचारलं.
मला त्याचे बूट तेवढे दिसत होते.
"बर्फ होतं," बूट म्हणाले. "राउमाच्या वाटेवर.
त्याचं वाकलं होतं. माझं चढवलं.
त्याचं मी नंतर ठोकून सरळ केलं."
"आणि बोललात काय?"
"अंधार होता. दोघांच्याही हातात पाने होते.
बोलायची गरज पडली नाही."

शनिवारी पोरगा आला. तीनच मिळतील म्हटलं.
त्याने तोंड वाकडं केलं, भाव पाडला, नेली.
चौथं वोइत्तोला द्यायला गेले तर
"राहू दे तिकडेच," म्हणाला,
आणि स्वतःचं अठ्ठ्याऐंशीही काढून देईना.
तसंच मळकं ठेवलंय त्याने. मी दोनदा विचारून पाहिलं.

आता गुरुवारी संध्याकाळी तो पत्ते खेळायला येतो.
पत्त्यांना रुपेरी कडा लागल्यात, प्रत्येकाला वेगळी,
कुणाच्या हातात काय आहे
ते पाठीवरूनच कळतं. तरी खेळतो.

एक पत्ता कमी आहे, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं.
कुठला, ते त्याने विचारलं नाही.