टप्पा

शून्य छेद दोन. आमच्या दाराचा नंबर.
ग्लासगोत तळमजला शून्यातच राहतो.
पोस्टमन नवा असला की माझी पत्रं वर जातात
आणि मॅक्लस्कीबाई ती घेऊन खाली येतात, धापा टाकत,
"एक नव्हे, शून्य" असं मलाच बजावत.

तरी पहाटे तीनला मला चूक सापडेना.

एका फाइलीत नुसत्या जागा, नऊ लाख,
सातूच्या धाग्यावर कुठे कुठे अक्षर बदललं त्याच्या खुणा.
दुसरीत पल्ले: इथून इथवर हे जनुक, तिथून तिथवर ते.
कुठली खूण कुणाच्या घरात, एवढंच सांगायचं.
आधी मी प्रत्येक खूण प्रत्येक दारावर पाठवली.
पर्ल बिचारं दोन रात्री कड्या वाजवत बसलं.

आबा कंडक्टर, फलटण डेपो.
दर प्रवाशाला अख्खा तक्ता कधी वाचला नाही त्यांनी.
"गाडी मागं जात नाही, मग बोट कशाला न्यायचं मागं?"
दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावल्या.
दोन बोटं. खूण पुढे गेली तर पल्ला सरकव,
पल्ला पुढे असला तर खूण.
सव्वा मिनिट. चहा ओतेपर्यंत संपलंसुद्धा.

पण बारा खुणा, ज्यांची घरं मला तोंडपाठ,
त्या उपऱ्या निघाल्या.
बाराही नेमक्या शेवटच्या उंबऱ्यावर.

एक फाइल एकापासून मोजत होती,
दुसरी माझ्या दारासारखी, शून्यापासून.

खुणेतून एक वजा केला.
बारा आत आल्या, गुपचूप, उशिरा आलेल्या पाहुण्यांसारख्या.
आणि आतली एक बाहेर पडली.

तीच. डॉक्टर फेअर्लींचं अख्खं पोस्टर
जिच्यावर उभं आहे, बुधवारी, डंडीला.

टप्प्याच्या पाटीपाशी उतरणाऱ्याकडून
आबा पुढचे पैसे घेत नसत.
पाटी ओलांडली की सख्ख्या मेहुण्यालाही तिकीट.
घरी मग चार दिवस अबोला.

डंबार्टन रोडवर कचऱ्याची गाडी थांबलीय,
बाटल्या ओतल्याचा आवाज येतोय, खूप वेळ.
मेल उघडून बसलेय.
"कदाचित" लिहिलं होतं, ते खोडलं.
"एकाने" एवढंच राहिलंय,
पुढे काय लिहावं