झीज वगळून

बोराबाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
नाझनीन मुकादम, वकील.
पाटीचा एक स्क्रू निघालेला, म्हणून नाव जरा कललेलं.
बाकावर माझ्याआधी दोघं:
एकाच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट,
दुसऱ्याच्या हातात नुसतीच किल्ली.

मी पिशवीत घर आणलंय,
कागदावर उतरलं तेवढं:
पॉलिसी, अकरा वर्षांच्या पावत्या, सोसायटीचं पत्र,
आणि बिस्किटांच्या डब्यात छताचा तुकडा, तळहाताएवढा.
"हा कशाला?"
"पुरावा."
त्या हसल्या नाहीत.
नखाने खरवडून पाहिला.
काचेवर पांढरी पूड पडली, ती तशीच राहू दिली.

मग कंपनीचं पत्र. दोनदा वाचलं.
मला ते पाठ आहे. इंग्रजीत आहे, तरी पाठ आहे.
नुकसान झिजेमुळे, हळूहळू झालेले,
आकस्मिक नव्हे,
सबब दावा नामंजूर.

झीज मला नवी नाही.
अंगुस्तान झिजतं, कात्रीची धार झिजते.
सात महिने मी त्यांचा उंबरठा झिजवला,
ती कुठल्या कलमात बसते, ते विचारायचं राहून गेलं.

"घरतबाई, एकच सांगा.
अचानक झालं, की हळूहळू?"

अचानक. रात्री पावणेतीनला.
मशीनवर, पंख्यावर, कापून ठेवलेल्या सहा ब्लाउजांवर.
मी स्वयंपाकघरात निजते, म्हणून इथे बसलेय.
अख्खं कन्नमवार नगर जागं झालं.
निदान आमची इमारत तरी.

"आणि त्याआधी?"

त्याआधी डाग होता.
वर धोत्र्यांची मोरी.
गणपतीत बशीएवढा, दिवाळीत रंग दिला,
होळीला परातीएवढा.
मी मशीन वीतभर सरकवलं.
तेवढंच केलं.

"हे सर्व्हेअरला सांगितलंत?"

बोंद्रेंना? हो. चहा देताना.
त्यांनी विचारलंही नव्हतं.
घरी आलेल्या माणसाशी काहीतरी बोलायला हवं ना.

बराच वेळ त्या पेनचं टोपण लावत, काढत राहिल्या.
"डाग लपवू नका. त्यांच्या अहवालात तो असणारच.
त्याची प्रत मागितलीत?"
"देतात?"
"मागितली तर.
डाग हळूहळू आला, छत अचानक पडलं.
दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहा.
डागाचे पैसे मागू नका. पडलं त्याचे मागा."

मग यादीवर बोट ठेवलं.
"मशीन. शिलाईचे पैसे घेता?"
खोटं जिभेवर आलं होतं, गोड होतं.
"ब्लाउजमागे दोनशे चाळीस. अस्तर वेगळं."
"मग हे निघालं. ही पॉलिसी घरसामानाची, धंद्याची नाही."
अठरा हजार. यादीतली सगळ्यात मोठी रक्कम.
मीच खोडली, पट्टी लावून,
टीप घालावी तशी सरळ.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र, पोच घ्या.
महिनाभर वाट पाहा.
मग विमा लोकपाल, सांताक्रूझला.
नकाराला वर्ष व्हायच्या आत.
"तिथे मी येणार नाही. तिथे वकील चालत नाही.
तुम्हीच बोलायचं."
"मी?"
"आत्ता बोललात तसं.
फक्त चहा देऊ नका."

फी पाचशे. पावती मिळाली.
तुकडा विसरले होते, जिन्यातून परत गेले,
त्यांनी तो कागदांवर ठेवला होता, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.
म्हटलं, राहू दे.

रात्री लिहायला बसले. वर उघड्या सळ्या.
"महोदय" पर्यंत हात थांबला नाही.
पहिल्या परिच्छेदात डाग घातला, महिन्यांसकट.
दुसऱ्यात छत.
मध्ये एक ओळ कोरी सोडली,
शिवणीत माया सोडतात तेवढी.
उसवायची वेळ आली तर असावी.