दोनशे एकोणतीस

हॅस्किन क्रीक कॉलेजच्या जिमखान्यामागे
बॉयलरची धग भिंतीतून आत येते,
त्या खोलीत मी सव्वीस वर्षं आकडे सांभाळले.
एम्मेट स्ट्रॉडर, फुटबॉल, मुख्य प्रशिक्षक,
अडतीस मोसम:
जिंकले दोनशे एकोणतीस, हरले एकशे चार,
बरोबरीत सात.

सातांपैकी एक सामना धुक्यात झाला.
चेंडू कुणाच्या पोटाशी आहे हे पंचांनी म्हणे
हेल्मेटं आपटल्याच्या आवाजावरून ठरवलं.
मैदानावर स्ट्रॉडर हसला तो त्याच दिवशी.

हरलेले सामने त्याला तोंडपाठ,
वारा कुठून होता त्यासकट.
जिंकलेले विचारले की म्हणायचा,
व्हर्नाला विचार, टाइप ती करते.

पाण्याच्या टाकीवर गावाने आकडा रंगवून घेतला,
मक्याच्या वरून सात मैलांवर दिसेल एवढा.
आणि शनिवारी रात्री बारमध्ये कुणीतरी म्हणतंच,
एकच कमी पडला हो म्हाताऱ्याला.
शब्दच बघा ना, एकोणतीस:
उणं आधी उच्चारायचं,
तीस मागून.

ते उणं मला सापडलं
एकाहत्तर सालच्या फायलीत, गंजलेल्या टाचणीखाली.
वेस्ट प्लेन्सविरुद्ध एकवीस-वीस,
शेवटच्या मिनिटाला डेल ओस्टमनने
आडवं पडून झेललेला पास.
तीन आठवड्यांनी लीगला पत्र:
"आमचा एक खेळाडू त्या दिवशी नियमात बसत नव्हता.
चूक यादी करणाऱ्याची. यादी मी करतो.
सामना त्यांच्या नावावर लिहावा."
सही. मुलाचं नाव नाही.
कार्बन प्रतीच्या पाठीवर व्हर्नाची पेन्सिल:
डेल, रसायनशास्त्र, चार गुण कमी.
कुणी विचारलं नव्हतं.

बारमध्ये सगळ्यात मोठ्याने बोलतो तो डेलच.
धान्याच्या कोठारावर आयुष्य गेलं,
गुडघे गेले, आवाज तेवढा शाबूत.
साधा कागद सांभाळता आला नाही त्याला,
माझा झेल पाण्यात घातला.
पन्नास वर्षं हेच.
आणि दर ऑगस्टला टाकीवर चढून
फुकटात आकडा रंगवतो, तोही डेलच.

दाखवू की नको, यात माझा एक हिवाळा गेला.
मग दाखवलं.
त्याने चष्मा काढून वाचलं, चष्मा लावून वाचलं.
"चार?" म्हणाला.
कागद घडी न घालता परत दिला.

या ऑगस्टला शिडी मी धरली.
दोन्ही दोन त्याने नेहमीसारखे
बोलता बोलता उरकले.
नवाच्या शेपटाला दुपार लागली.
मध्येच वरून रंगाचा एक थेंब
माझ्या टोपीवर पडला, मी हाक मारली,
त्याने ऐकलं नाही,
किंवा ऐकलं असेल.