उतार

जेलची बाटली मी रेडिएटरवर ठेवते. अठरा वर्षं झाली.
गार जेल लागलं की मुलं श्वास कोंडतात,
कोंडलेल्या श्वासात माप चुकतं.
हे कुठल्या शोधनिबंधात कुणी लिहीत नाही.

खिडकीतून इझमिरची खाडी दिसते,
पलीकडे जाणारी फेरीबोट, तिच्यामागे पावासाठी भांडणारे पक्षी.
इर्माक, वय नऊ, खिडकीकडे तोंड करूनच झोपते.
इर्माक म्हणजे नदी.
दिवसाला पाचशे मिलिलिटर पाणी,
त्यातच सूप आलं, गोळीमागचा घोट आला,
टरबुजाची फोडसुद्धा आली.
आई बटाटे दोनदा उकळते, पाणी सिंकमध्ये ओतते.
ही त्या पाण्यामागे सिंकपर्यंत जाते
आणि नुसती उभी राहते.

यादीत ती शून्य-सात-एक-चार.

मानेतली शीर पडद्यावर मोठी केली:
दोन पांढऱ्या रेघा, मधे काळा ओढा.
भिंत शून्य पूर्णांक बावन्न.
नऊ वर्षांच्या मानेत कुणा चाळिशीतल्याची शीर.
मग हृदय. दाबाविरुद्ध रेटून रेटून
पैलवानाच्या दंडासारखं भरलेलं.
आखाड्यात याचं कौतुक झालं असतं.

आई तिला जिगेरिम म्हणते, माझ्या काळजा.
काळजाला सगळं मिळालं: तुकडा, घर, ठाव, पाणी होणं.
मूत्रपिंडांवरून कुणी कुणाला हाक मारत नाही.
घराच्या मागच्या अंगाला धुणं धुणाऱ्या दोघी,
थकल्या तेव्हा कळलं
की घरात दोघी होत्या.

काल तिच्या दंडाला पट्टा बांधून घरी पाठवलं होतं.
दिवसा दर वीस मिनिटांनी फुगतो, रात्री अर्ध्या तासाने.
झोपेत दाब खाली यावा,
तापाला पडतो तसा उतार पडावा,
एवढंच आम्ही चार देशांतल्या मुलांत शोधतो आहोत.
शून्य-सात-एक-चारची रात्र
दिवसाइतकीच सपाट.

फक्त साडेतीनला एक सुळका.
एकशे अडुसष्टवर एकशे दोन.

सोबत वही देतो आम्ही, काय करत होतात ते लिहायला.
पेन्सिलीत, रेघ सोडून:

साडेदहा. झोपले.
बारा. पट्ट्याने मिठी मारली.
अडीच. पाण्याचं स्वप्न. प्यायले नाही, पाय बुडवले फक्त.
तीन. बाबा स्वयंपाकघरात उभ्याने लोणच्यातले ऑलिव्ह खातात.
आईला सांगू नका.
साडेतीन. पट्टा बाबांना बांधला.
दुखतं का ते त्यांना बघायचं होतं.
चार. पुन्हा मला.

प्रयोगाच्या नियमाप्रमाणे मी साडेतीनचा आकडा खोडला.
परक्या दंडाचा आकडा, आमच्या कामाचा नाही.
आणि लहान पट्टा मोठ्या दंडावर
नेहमीच वाढवून बोलतो, हेही मला ठाऊक आहे.
तरी.

कारण पुढच्या महिन्यात त्याच बाबांची तपासणी आहे.
एक मूत्रपिंड तो देणार, असं घरात ठरलंय.
भिंतीवर तारीख लाल गोल करून ठेवलीय, इर्माकने सांगितलं,
आणि गोलाला डोळे काढलेत.

बाहेर बाकावर तो बसलाय, तुर्गाय नाव,
फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काम करतो,
नखांत काळं तेल, हातात मुलीचं जाकीट.
मला बघून उठतो.
कशी आहे, विचारत नाही. ओठ हलवतो नुसते.

आज मोघम आकडे सांगायचे माझ्या अंगावर येतं.
वहीतलं तीन वाजताचं पान मी मिटते.
ते आईला सांगायचं नाही, असं लिहिलंय.
त्याला सांगायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नाही.

बाही वर करा, मी म्हणते.
आणि बसा, जरा वेळ शांत बसा.
मी खालच्या मजल्यावरून
तुमच्या मापाचा पट्टा घेऊन येते.