निळी तार

डॅशबोर्डखाली पाठ टेकून, पाय दाराबाहेर,
दातांत टॉर्च धरून मी तारा सोलते आहे.
काळी बॅटरीकडे, मध्ये तीस अँपिअरचा ब्रेकर.
पांढरी पत्र्याला, तिथला रंग खरवडून लख्ख करून.
लाल, ब्रेक-पेडलच्या स्विचला.
आणि निळी,
ती पिकअपच्या पोटाखालून मागे जाते,
ट्रेलरच्या चार चाकांपर्यंत,
थांब म्हणायला.

मॅनिटोबात मे लागला तरी खंदकांच्या तळाशी बर्फ आहे.
अंगणात चोवीस पेट्या, जाळीखाली.
विलो फुलल्यात, उद्या पहाटे माश्या तिकडे न्यायच्या.
नवरा उत्तरेला निकेलच्या खाणीत,
पंधरा दिवस तिकडे, पंधरा इकडे,
हे त्याचे तिकडचे दिवस.

कोठाराच्या दारात सासरे, गेरहार्ट टेव्स.
हातात कॉफी, कधीच निवलेली.
सप्टेंबरपासून त्यांनी गाडीची किल्ली उचललेली नाही.

सप्टेंबरात, नदीच्या उतारावर, त्यांनी ब्रेक दाबला.
गाडीनं ऐकलं.
ट्रेलरला कुणी सांगितलंच नव्हतं.
दोन टन मध मागून चालून आला
आणि पुलाच्या अलीकडे सगळं आडवं झालं.
माणूस वाचला, लोक म्हणाले. प्रार्थनेनंतरही म्हणाले.
माश्यांचं कुणी काढलं नाही.
ते तीन रात्री एक रिकामी पेटी घेऊन
खंदकात बसून राहिले,
येतील म्हणून.

कंट्रोलर गुडघ्यापाशी बसवला. आता तो रोज लागणार.
सात पिनांचा प्लग खटकन बसला,
पडद्यावर ठिपका उजळला.
"मी खटका दाबते, बघा चाकांत काही होतंय का,"
मी ओरडले, उत्तराची वाट न बघता.

ते आले. सावकाश गुडघ्यांवर बसले.
खिशातून होकायंत्र काढलं, बर्फात रस्ता शोधायचं,
आणि चाकाशी धरलं.
सुई उत्तर सोडून चाकाकडे वळली.
दुसऱ्याशी वळली. तिसऱ्याशी वळली.
चौथ्याशी मख्ख.
जोड हिरवा पडला होता. तो तोडला, नवा केला.
मग होकायंत्र ठेवून त्यांनी कानच लावला टायरला.
"गुणगुणतंय," म्हणाले.
पेटीला कान लावल्यावर म्हणतात तसंच.

धान्याच्या कोठारांमागे खडीचं मैदान.
ब्रेक आधी तापवून घेतले. मग ताशी चाळीस, आणि खटका.
सातवर चाकं जागीच गोठली, खडी किंचाळली.
तीनवर ट्रेलर पाठीत ढकलू लागला, जरासंच,
पण शेजारी बसलेल्या हाताला ते ओळखू आलं:
दाराची मूठ पांढरी पडेपर्यंत धरलेली.
मी थांबले. काच खाली केली. हंस ओरडत वरून गेले.
काय बोलावं सुचलं नाही, म्हणून चाराचा आकडा लावला.
"अजून अर्धा," ते म्हणाले.
साडेचारला ट्रेलर आमच्याबरोबर थांबला.
आमच्या केसभर आधी, खरं तर.
"हा रिकाम्याचा. भरल्यावर पुन्हा बघावा लागेल, आगाथा."

पहाटे पेट्या चढवल्या, पट्टे आवळले.
ते टोपी घालून आले, माझ्या शेजारी बसले,
किल्लीकडे बघितलं नाही.
त्याच उतारावर माझा पाय पेडलवर जाण्याआधी
त्यांचा अंगठा खटक्यावर होता.
मागे चोवीस पेट्यांचा आवाज
एक पट्टी वर गेला,
आणि खाली बसला.

विलोंपाशी पोचल्यावर त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा फाडला,
कंट्रोलरखाली लावला, पेन्सिलीनं लिहिलं,
आपल्या जुन्या बोलीत:
रिकामा, साडेचार.
भरलेला, सहा.
खाली थोडी जागा होती.
तिथे पेन्सिल टेकवून ते बराच वेळ बसले,
मग म्हणाले, चल,
ऊन चढायच्या आत जाळ्या काढू.