बालदी

वेल्लवत्तेच्या वळणावर बस अडवली.
पोरंच होती. एकाच्या हातात बालदी,
पेट्रोलचा वास.
"ह्याला काय म्हणतात?"

अप्पा पोस्टात. नोकरी टिकावी म्हणून
सिंहलीची परीक्षा दिलेली, दुसऱ्या खेपेला पास.
'ब' स्वच्छ आला.
पोरगा म्हणाला, बसा मामा.

मागच्या सीटवर शिवक्कोळुंदू मास्तर.
त्यांचा 'ब' ओठांवर येता येता
'व' झाला.

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. मीही.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

शब्द तसा त्यांचाही नव्हे, आमचाही नव्हे,
पोर्तुगिजांनी जाताना मागे टाकलेला.

आता टोरांटोत नळ गळतो रात्रभर.
अप्पा हाक मारतात,
अगं, ते आण,
ते... खाली ठेवायचं.